पहिला घास

"आई, आजही तोंड लावलं नाही त्यानं," म्हणत सुनेनं भुऱ्याचं भांडं जसंच्या तसं आत आणलं. म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट पार बिघडलं होतं. डॉक्टरांनी तेल, तूप, मीठ सगळं बंद करून नुसता गुरगुट्या भात आणि उकडलेला भोपळा द्यायला सांगितलं होतं.

द्वारकाबाई पाटावर बसल्या. ताटातला पहिला घास भुऱ्याचा, हा त्यांचा नेम तो पिल्लू असल्यापासूनचा. पण वरणभातावर तूप, म्हणून आता तोही बंद. तरी भुऱ्या पाय ओढत आला आणि ताटाशेजारी मान टाकून बसला. बाईंचा हात घासावरच अडला.

"हे ताट उचल गं. मला त्याच्यातलंच वाढ."

"अहो आई, अगदी अळणी आहे ते!"

"असू दे."

नव्या ताटातला पहिला घास त्यांनी पाटाशेजारी ठेवला. भुऱ्यानं तो हुंगला, बाईंकडे पाहिलं आणि फरशीसकट चाटून घेतला. त्यांनी लगेच दुसरा पुढे केला. त्याला मात्र तो शिवेना. नुसता ताटाकडे बघत राहिला.

बाईंनी अळणी भाताचा घास स्वतःच्या तोंडात घातला. तेव्हा कुठे भुऱ्या जेवू लागला.