दुसरा ग्लास

“चारला चहाची घंटा. तोवर आमचं अख्खं हॉटेल झोपतं हां,” असं बजावून मालकीणबाईंनी शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या लावल्या आणि दार ओढून घेतलं.

जुन्या गोव्याजवळच्या त्या पोर्तुगीज काळातल्या खोलीत आम्ही नवराबायको प्रथमच एकटे होतो. मी सत्तरीचा विधुर, उर्मिलाबाई पासष्टीच्या. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. कवळी काढल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि तोंडाचं ते बोळकं पाहून त्यांना पश्चात्ताप होईल, ही धास्ती मी पुण्याहूनच सोबत आणली होती. मी पुस्तक उघडलं.

“अहो, आडवे व्हा जरा. की पुस्तकाशीच लग्न लावलंय?”

“मला दुपारी झोप येत नाही,” मी पुटपुटलो.

त्या हसल्या, न्हाणीघरात जाऊन आल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

थोड्या वेळानं मी पाय न वाजवता न्हाणीघरात गेलो. आरशाखालच्या फळीवर दोन ग्लास होते. एकात त्यांची कवळी होती. दुसरा नुसत्या पाण्यानं भरून ठेवलेला होता.

मी बाहेर आलो तेव्हा दोन्ही ग्लास सारखेच दिसत होते.

“तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात, तेव्हा चकली हळूच खिशात टाकलीत,” त्या वळून बोबड्या आवाजात म्हणाल्या. “तेव्हाच ओळखलं. होकार त्यानंतर दिलाय.”

मी त्यांच्याशेजारी आडवा झालो. चारची घंटा आम्हा दोघांनाही ऐकू आली नाही.