मंत्र कुठनं आला?

घणसोली गावातल्या खोलीत चार पोरं कागद आणि फासे घेऊन गोष्टीचा खेळ खेळायला बसली होती; ज्याचं त्याचं पात्र कागदावर लिहिलेलं. मिथुनच्या योद्ध्याला राक्षसानं पार कोपऱ्यात घेतलं, म्हणून त्यानं तलवार टाकून मंत्र मारायचं ठरवलं. खेळ चालवणारा हितेश आडवा आला.

"मंत्र कुठनं आला ते आधी सांग. नायतर योद्धा मेला."

"शिकलाय तो."

"तू नववीत शाळा सोडलीस, आणि तुझा योद्धा मंत्रांची पुस्तकं वाचतो?"

पोरं फिदीफिदी हसली. मिथुनच्या डोक्यात तिडीक गेली. शाळा सोडली, क्लास सोडला, पण हा एक योद्धा त्यानं वर्षभर जिवंत ठेवला होता.

"मग लिही. सैतानाला आत्मा दिला आणि मंत्र घेतला."

हितेश लिहायला लागला. चहा घेऊन आलेली मिथुनची आई दारातच थांबली.

"आत्मा द्यायला तुझा हाय का रं बाला? तान्हा होतास, ताप उतरत नव्हता, तवा मी तुला एकवीरा आईच्या पायावर घातलाय. तिला न इचारता कोनाला काय देतोस?"

या वेळी कोणी हसलं नाही. हितेशनं सैतान खोडरबरानं पुसला आणि तिथं 'देवीचा माणूस' लिहिलं.

"चल, मार मंत्र."

मिथुनचा जीव भांड्यात पडला. त्यानं फासे उचलले.

"आनि जिंकलास तर चैतात जत्रेला आईचा डोंगर चढायला तूच चल," कप ठेवता ठेवता आई म्हणाली. "इतकी वर्सं तुझ्या नावानं मीच चढते."