हात मांडीवर

हर्षलाची जीभ मराठीत शब्दाशब्दाला अडखळायची, पण स्पॅनिशच्या वर्गात ती मोकळी सुटली. करंदीकर मॅडमची रीतच तशी होती: क्रियापदाचे तुकडे पाडायचे, दर तुकड्याला टेबलावर एक बोट वाजवायचं आणि जोर असेल तिथे मूठ आपटायची. "त्रा-बा-खा-मोस," म्हणजे आम्ही काम करतो. 'खा'वर मूठ आपटली की अख्खा शब्द सुळकन बाहेर. घरी आई टीव्ही बंद करून ऐकत बसायची, कळत काही नसलं तरी.

तोंडी परीक्षेला समोर बाहेरचे परीक्षक, शेजारी मॅडम आणि मध्ये रेकॉर्डर. पहिलाच प्रश्न आला आणि हर्षलाची बोटं आपसूक टेबलावर वाजली.

"हा कसला आवाज?" परीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

हर्षलाने मॅडमकडे पाहिलं. "मीच शिकवलंय," एवढं त्या म्हणाल्या असत्या तरी पुरलं असतं.

"बालवाडी आहे का ही? हात मांडीवर ठेव!" मॅडम खेकसल्या. "सॉरी सर, कुठून शिकून येतात कोण जाणे."

"त्रा... त्रा... त्रा..."

परीक्षक हसू दाबत कागद चाळू लागले. मॅडम घड्याळाकडे बघत टेबलावर बोटं वाजवत बसल्या. तो आवाज कुणालाच खटकला नाही.