पलंगाखालचं कासव

फोर्तालेझाला बहिणीकडे जायला झुल्मिराने पिशवी भरली, की तिच्या नवऱ्याचा, अदाउतोचा, दमा हटकून उसळायचा. एरवी डॉमिनो खेळताना त्याला साधा ठसकाही लागत नसे. शेवटी झुल्मिराने बाजारातून कासव विकत आणलं. पलंगाखाली कासव ठेवलं की माणसाचा दमा त्याच्यात उतरतो, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. तिने त्याला कोमट पाण्यात बसवून आंघोळ घातली, पुसलं, पिकली पपई चारली आणि नवऱ्याच्या पलंगाखाली सुक्या पानांवर ठेवलं.

"तुझा दमा आता हे सांभाळेल, म्हाताऱ्या. मी सुटले!"

आठवडाभर अदाउतो एकदाही खोकला नाही. झुल्मिराने गुणगुणत पिशवी उचलली.

पलंगाखाली वाकून बघत तो हळहळला, "माझं दुखणं अंगावर घेतलं गं बिचाऱ्याने! आता याला असं आजारी टाकून जाशील, म्हातारे?"