मेलेल्याने बोलायचं नाही

"चिमणी, तू माझ्या मागे राहा. बाकी कुणी तिच्याजवळ गर्दी करू नका," कप्तान म्हणाला.

आत्याने चिमणीच्या अंगावर उजेड सोडला आणि तिची जखम भरली. त्यांच्या ऑनलाइन खेळातल्या पाच महावीरांपैकी जखमा भरायचं काम आत्याचं होतं. एरवी ती दातांच्या कवळ्या बनवायची, पन्नाशीला टेकली होती आणि एकटी राहायची. टोळीतल्या कुणाचीही ती सख्खी आत्या नव्हती, पण हक्काने रागवायची, म्हणून नाव पडलं ते पडलं.

समोर शेवटचा खलनायक विजेचा चाबूक फिरवत उभा होता. दोन महिने दर रविवारी दुपारी ही मंडळी त्याच्या हातून मार खात होती. आज मात्र त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. सकाळी चिमणीला नवऱ्याचा निरोप आला होता: 'पत्ता मिळाला. दुपारी येतो.'

आठ महिन्यांपूर्वी ती मार खाऊन खाऊन अखेर नेसत्या कपड्यांनिशी त्याच्या घरातून निघाली होती. बरोबर आणलं काय, तर खेळातलं हे जुनं खातं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि काही झालं तर फोन करा म्हणाले. एकटीने भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा ती खेळायला आली. निदान चार माणसं कानाशी असतील.

"त्याला पत्ता दिला कुणी?" जोडगोळीतल्या थोरल्याने विचारलं. जोडगोळी म्हणजे दोघे भाऊ, एकाच खोलीत बसून एकाच माइकवर भांडणारे.

"मी कुणालाच सांगितलेला नाही," चिमणी म्हणाली. "तुम्हालासुद्धा नाही."

ते खरं होतं. मागच्या विजयाबद्दल कंपनीने चिमणीच्या खात्यावर पाच कप बक्षीस दिले, तेव्हाही तिने पत्ता आत्याचा घातला होता. आत्याने ते कप जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून एकेकाला धाडले. चिमणीचा तर पोस्टात ठेवायला लावला आणि तिथून तिने तो उचलला. धाकट्याचा कान तुटून पोचला. ते तो अजून ऐकवायचा.

"कडी लावलीस ना?" आत्याने विचारलं.

"तीनदा बघितली."

आत्याला तिच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. भीतीने तिला उचकी लागली. सगळ्यांच्या कानात उचक्या नकोत म्हणून तिने बटण दाबून माइक बंद केला. कोपऱ्यातलं माइकचं हिरवं चिन्ह लाल झालं. तेवढ्यात खलनायकाचा चाबूक तिच्यावर कोसळला आणि तिची नायिका जागच्या जागी मेली.

टोळीचा एक नियम होता. मेलेल्याने बोलायचं नाही. मेल्याबरोबर माइक बंद करायचा, म्हणजे जिवंत असलेल्यांना एकमेकांचं नीट ऐकू येतं. मेलेल्याचं नावही पडद्यावरून जायचं. नियम आत्यानेच केला होता, कारण जोडगोळीला मेल्यावर जास्त कंठ फुटायचा. हाताच्या सवयीने तिने बटण दाबलं, श्वास रोखला आणि उचकी थांबवली.

"दार कोणाचं वाजलं?" कप्तानने विचारलं.

"आमचं नाही," थोरला म्हणाला.

"करकरलं. कुणीतरी आत आलंय."

आत्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. कवळ्या घासायच्या यंत्राने तिचे कान केव्हाचेच अधू केले होते. तिने हेडफोन कानांवर आणखी घट्ट दाबले. तरीही काही नाही.

"मलापण ऐकू आलं," चिमणी कुजबुजली. "पावलं आहेत."

आत्याने बोलायला तोंड उघडलं आणि ते हाताने दाबून धरलं. या क्षणी चिमणीला फक्त कप्तानचं ऐकू यायला हवं होतं. कप्तान शाळेची बस चालवायचा. चाळीस पोरं ओरडत असताना न ओरडता बोलायची त्याला सवय होती.

"चिमणी, ऐक. हेडफोन काढ. गॅलरीतून शेजारच्यांकडे जा. चपला शोधू नकोस."

तिचा आवाज बंद झाला. खेळात तिची नायिका नुसतीच उभी राहिली. खलनायकाने तिला मारलं, मग भावांना, मग कप्तानला. कुणी हात हलवला नाही. आत्या पडद्याकडे डोळे लावून मनातल्या मनात विनवण्या करत राहिली. पोरीला वाचव, एवढंच.

चार मिनिटांनी चिमणी फोनवरून परत आली. तिला धाप लागली होती.

"मी काकूंकडे आहे. काका माझ्या घरात बघून आले. कुणी नाही. कडी तशीच आहे."

आत्याने डोळे पुसले. धाकटा म्हणाला, "आता तो तुटक्या कानाचा कपसुद्धा माफ." कुणीतरी हसलं.

"त्याचा आणखी एक निरोप आलाय," चिमणी म्हणाली. "'खेळाचा पासवर्ड बदलायला विसरलीस.' याचा अर्थ काय?"

"थांबा," कप्तान म्हणाला. "सगळे माइक बंद करा. चिमणी, तूही."

एकेक आवाज मिटला.

"आता एकटा मीच आहे," तो हळू म्हणाला. "माझ्या घरात कुणी नाही. आणि पावलं अजून चालताहेत. आता अगदी जवळ आली."

आत्याने कोपऱ्यातल्या चिन्हाकडे पाहिलं. ते हिरवं होतं.