मधेच तोडलेला तारपा

"मधीच तोडायचा नाय, बाई," तारपा वाजवणारा मंगळ्या म्हणाला. "पोरं कुठं जातील?"

विनयाला हसू आलं. "कुठं जाणार, मंगळ्याबाबा? इथंच तर आहेत सगळी."

धरणाच्या तलावाकाठी बावीस मुलं एकमेकांच्या कमरेला हात घालून उभी होती. मासवणच्या पुढचं हे दहा दिवसांचं उन्हाळी शिबिर. सकाळी नाच, दुपारी चित्रं, उन्हं कलली की झाडं-पाखरं. आज शेवटचा दिवस. शिबिराचे सर पाहुण्यांना आणायला मनोरच्या एसटी थांब्यावर गेले होते आणि मुलं विनयाच्या ताब्यात होती. विनया सावे तारापूरची, गेल्याच वर्षी बी.एस्सी. झालेली. निसर्ग-अभ्यास तिच्याकडे होता.

टाळी वाजवून तलावाची रुंदी कशी मोजायची, हे तिने काल मुलांना दाखवलं होतं. पलीकडच्या कातळावरून टाळी दोन सेकंदांनी परत आली, म्हणजे पाणी साधारण साडेतीनशे मीटर. तेव्हा शकूने, तिच्याच धाकट्या बहिणीने विचारलं होतं, "ताई, तारप्याचा आवाज जड असतो ना? तो उशिरा येईल?" उत्तर विनयाला ठाऊक होतं. पण नुसतं सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, असं तिचं मत. त्यासाठी तारपा ऐन सुरात, एकदम थांबायला हवा होता.

"वाजव की," आंब्याखाली बसलेली मंगळ्याची बायको बुधी म्हणाली. "रोज तर सांगतोस, दम हाय अजून."

"दमाचं नाय गं. आधी नाचणाऱ्यांच्या साखळीचं टोक टोकाला जुळवायचं, मग तारपा खाली ठेवायचा. असा मधीच नाय टाकत."

"एकच सेकंद, बाबा. मी हात वर केला की थांबा आणि लगेच पुन्हा सुरू करा."

मंगळ्याने एकदा तलावाकडे पाहिलं. मग तो लांबलचक तारपा उचलून त्याने भोपळ्यात फुंकर घातली.

साखळी फिरू लागली. पुढे शकू, हातात घुंगरांची काठी. तारप्याला पाठ दाखवायची नाही आणि शेजारच्याला सोडायचं नाही, हे दोन नियम मंगळ्याने पहिल्याच दिवशी घोटून घेतले होते. पावलं एकत्र पडत होती. विनयाने हात वर केला आणि स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

मंगळ्या थांबला.

पलीकडून तारपा आला. एक सेकंद, दोन. आता आवाज तुटायला हवा होता. तीन. पाच. नऊ. पाण्यावरून सूर येतच राहिला. मंगळ्याच्या मघाच्या सुरापेक्षा तो वेगळा होता, थोडा जलद.

आणि मुलांची पावलंही थोडी जलद झाली.

"बस, थांबा आता," विनया म्हणाली. कुणी थांबलं नाही. गोल सैल झाला, शकू तलावाकडे वळली आणि तिच्यामागून सगळी साखळी वळली. तारप्याला पाठ दाखवायची नाही. घुंगरांची काठी चिखलात आपटत, ठेक्यात पावलं टाकत मुलं पाण्यात उतरली. घोटा. गुडघा.

विनया धावली. पाण्यात शिरून तिने शकूचा दंड धरला. शकूने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, वर्गात नवं काही ऐकताना असायचं तसं लक्ष होतं. मागच्या मुलाची बोटं तिच्या कमरेवरून सुटेनात. विनया आडवी उभी राहिली, तर साखळी तिला वळसा घालून पुढे गेली. पाणी शकूच्या छातीला लागलं.

"मंगळ्याबाबा, वाजवा! वाजवा!"

मंगळ्या काठावर थिजल्यासारखा उभा होता. बुधी उठून त्याच्याजवळ आली.

"तिथं पाण्याखाली आमच्या बुडालेल्या पाड्याचं खळं हाय, बाई," ती म्हणाली. "सगळा नाच तिथंच व्हायचा." मग तिने नवऱ्याच्या पाठीत जोरात धपाटा घातला. "फुंक!"

मंगळ्याने फुंकलं. पहिला सूर फाटका निघाला, दुसरा लागला. शकूची मान हलली. ती वळली. एकेक करत सगळी मुलं वळली आणि निथळत काठावर आली, ठेका न चुकवता. मंगळ्या उलट्या पावलांनी मासवणच्या वाटेवर चढू लागला आणि साखळी त्याच्या मागे निघाली.

विनयाने वाटेवर शकूला हाक मारली, गालावर चापटी मारली. शकू नाचत राहिली.

पहिल्या वळणावर विनया थांबली आणि तिने कान दिला. अंतर दुप्पट झालं की आवाज चौथाई व्हायला हवा. तलावावरचा तारपा काठावर होता तेवढाच मोठा ऐकू येत होता. दुसऱ्या वळणावरही तेवढाच. तिथे मंगळ्याला ठसका लागला, सूर क्षणभर बुडाला आणि बावीस जणांची पावलं एकदम तलावाकडे फिरली. त्याने डोळे मिटून पुन्हा गाल भरले. पावलं परत फिरली.

"थोडा वेळ थांबून वाजवा, बाबा," असं म्हणायला विनयाचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

बुधी पदराने नवऱ्याच्या मानेचा घाम पुसत त्याच्या बाजूने चालत होती. ती विनयाकडे न बघता म्हणाली, "गालात वारा कसा धरतो, ते नीट बघून ठेवा, बाई. म्हातारा माणूस हाय. दुपारपर्यंत नाय टिकायचा."

नऊसुद्धा वाजले नव्हते. विनया मंगळ्याच्या तोंडाकडे बघत चालू लागली आणि तिने आपले गाल फुगवून पाहिले.