हातमोज्यातली सातवी ओळ

हंगामातली शेवटची शर्यत तासाभरावर आली तरी शशांकदादाचा पत्ता नव्हता. मृण्मयीचा पारा चढत चालला होता. बहीणभाऊ एकाच संघाचे ड्रायव्हर, आणि तिच्या उजव्या हातमोज्याचा पट्टा दर शर्यतीआधी दादाच आवळायचा. त्याशिवाय गाडीत बसणं तिच्या जिवावर येई.

"कुठे अडकलाय हो हा, टोपेकाका?"

म्हातारे मेकॅनिक चाक पुसत राहिले. "येईल गं. तू बस गाडीत."

या हंगामात तिला एक अपघात झाला होता म्हणे. तिला तो आठवत नव्हता. संघाचे डॉक्टर अपघाताची आठवण लगेच पुसून टाकत, कारण भ्यालेला ड्रायव्हर ब्रेक लवकर दाबतो. त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

वैतागून तिनं हातमोजा स्वतःच ओढला. घाईत आतलं अस्तर उलटं झालं. त्यावर पेनानं लिहिलं होतं, तिच्याच अक्षरात : 'माझ्या गाडीच्या धडकेत दादा गेला. हे पुसू देऊ नकोस.'

खाली तीच ओळ पुन्हा होती. एकूण सहा वेळा.

"काका, सहा वेळा कुणी पुसायला लावलं?"

काकांनी मान वर केली नाही. "तूच, पोरी. दर शर्यतीआधी तुला हे कळतं, आणि दर वेळी तूच डॉक्टरांच्या पाया पडतेस."

मृण्मयीनं त्यांच्या खिशातलं पेन ओढून सातवी ओळ लिहिली. मग ती डॉक्टरांच्या खोलीकडे धावत सुटली.